मंडईत ओळख करा, सही घरी जाऊन घ्या

विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सामुदायिक वैद्यकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरताईंचा हा प्रश्न आहे. साठीच्या पुढच्या ग्रामीण माणसांचं पडणं-धडपडणं आणि म्हातारपणातला अशक्तपणा यांवर त्यांना प्रबंध करायचा आहे. नमुना तीनशेचा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई (म्हणजे गावची जत्रा), काकडा, सप्ताह चालू असतात. तिथेच मंडप टाकून संमतीपत्र, प्रश्नावली, रक्तदाब, रक्ताचा नमुना असं सगळं एका दिवसात उरकावं असा त्यांचा बेत आहे, कारण घरोघरी फिरायला माणसं नाहीत. म्हातारी माणसं अशा कार्यक्रमांतून संशोधनात कशी येतील, असं त्यांनी विचारलंय.

येतील की. सावली, चहा आणि फुकट तपासणी म्हटल्यावर दोन-तीन गावांत तीनशे अंगठे सहज मिळतील. पण त्या अंगठ्यांतून जो प्रबंध तयार होईल त्यावर माझा तरी विश्वास बसणार नाही. कार्यक्रमाला जरूर जा, एकदा नाही दोन-तीनदा जा, पण तिथे सही घेऊ नका आणि मोजमापही करू नका. तिथे तुमची ओळख होऊ द्या, लोकांचे प्रश्न ऐका, आणि अभ्यास संपल्यावर काय सापडलं ते सांगायला पुन्हा तिथेच या. अभ्यासातली माणसं निवडायची ती यादीवरून, आणि संमती व तपासणी त्यांच्या घरी, नाहीतर घराजवळच्या अंगणवाडीत. घरोघरी फिरणं वाटतं तितकं अशक्य नाही, त्याचा हिशेब पुढे मांडलाय.

मंडईला कोण येतं ते आधी बघू. भंडारा-गोंदियाकडे आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या झाडीपट्टीत भाऊबीजेच्या सुमाराला मंडया सुरू होतात. दिवसा दंडार (लोकनाट्य), रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. लेकी-जावई येतात, व्याही येतात, शेजारच्या चार गावांतले सोयरे येतात. तुमच्या रांगेत उभे असलेले आबाजी याच गावचे की लेकीकडे आलेले, हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळलं तरी छेदात कोणती लोकसंख्या धरायची हा घोळ राहीलच. दुसरी गोष्ट याहून मोठी. मागच्या पावसाळ्यात ओसरीवर पाय घसरून जिचं खुब्याचं हाड मोडलं ती आजी मंडईच्या दिवशीही खाटेवरच असते. तुमचा विषय पडण्याचा आणि पडलेलं माणूस तंबूपर्यंत पोचतच नाही. जिला ऐकू येत नाही ती गर्दी टाळते. ज्याला लघवी आवरत नाही तो आजोबा घर सोडत नाही. उलट ज्यांचे गुडघे दुखतात पण अजून चालवतात, ते मोफत औषध मिळेल म्हणून सगळ्यात आधी येतात. म्हणजे तुमचा आकडा काही बाबतीत कमी येणार, काही बाबतीत जास्त, आणि किती हे शोधायला मार्ग नाही. संख्याशास्त्राच्या कुठल्याही सॉफ्टवेअरने हे नंतर दुरुस्त होत नाही.

आता संमतीचं. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाला अंगठा म्हणजे काय वाटतं हे समजून घ्या. अंगठा लावून जमीन गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत, काही खऱ्या, काही वाढवलेल्या. आता त्यात आधारच्या मशीनवरचा अंगठा आला, ज्याने बँकेतले पैसे निघतात. आजी विचारते, "माह्यावाला अंगठा काहून पायजे? सातबारा तं नाही ना जात?" हा प्रश्न विचारणारी आजी अडाणी नाही. तिने आयुष्यात जे पाहिलं त्यावरून ती अगदी रास्त शंका घेते आहे, आणि रांगेत मागे वीस माणसं उभी असताना त्या शंकेला उत्तर देता येत नाही. तिथे होतं असं की आशाताई म्हणतात, "लाव ना आजी, काही होत नाही," आणि आजी लावते. कागदोपत्री ती संमती झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वाचता न येणाऱ्या सहभागीच्या संमतीवेळी एक निष्पक्ष साक्षर साक्षीदार हजर हवा. तुमच्या अभ्यासात मानधन घेणाऱ्या आशाताई निष्पक्ष नाहीत, आणि तुमचा इंटर्नही नाही. घरी गेलात तर आजी स्वतःच सांगते, "थांबा, आमच्या मास्तरले बलावते." तो निवृत्त शिक्षक शेजारी, किंवा दहावीतली नात नको पण कॉलेजातला पुतण्या, कागद वाचतो, दोन आडवे प्रश्न विचारतो, आणि मग अंगठा लागतो. कागदाची एक प्रत तिथेच ठेवून यायची. आजी ती गादीखाली घडी करून ठेवते आणि लेक आला की दाखवते.

मुलाची परवानगी म्हणजे आईची संमती नाही. हे सांगावं लागतं, कारण वऱ्हाडात काय आणि झाडीपट्टीत काय, घरात शिरलं की पहिल्यांदा बोलतो तो कर्ता मुलगा. त्याच्याशी नीट बोला, त्याला बाजूला सारू नका, पण प्रश्न आईकडे तोंड करूनच विचारा. आई "नाही" म्हणाली आणि मुलगा "हो" म्हणाला तर उत्तर नाही असंच धरायचं.

आणखी एक मोह होईल, तो टाळा. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे जमा झाले की बँकेसमोर, बँकमित्राच्या दुकानासमोर म्हाताऱ्यांची रांग लागते. हयातीच्या दाखल्याच्या वेळीही तेच. नमुना गोळा करायला याहून सोयीची जागा नाही असं वाटतं. पण तिथे पांढऱ्या कोटातल्या माणसाने काहीही विचारलं की त्याचा संबंध पगाराशी लावला जातो (निराधारच्या पैशाला गावात पगारच म्हणतात). नाही म्हटलं तर पैसे बंद होतील या भीतीने जी 'हो' मिळते ती घेऊ नये.

मग कार्यक्रम कोणता निवडायचा? इथे बाहेरून आलेली मंडळी एक गोष्ट हमखास विसरतात. बायकांपर्यंत पोचायचं म्हणून बचत गटाच्या मदतीने संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवतात. साठीपुढच्या बायकांत विधवा किती असतात याचा विचार करा. हळदीकुंकवाला त्या येत नाहीत, किंवा आल्या तरी दाराशी बसतात. काही गावांत ही रीत आता मोडली आहे आणि बायकांनी ती जाणून मोडली आहे, पण तुम्ही ती मोडली असेल असं गृहीत धरू नका. एकट्या राहणाऱ्या, सगळ्यात आधी पडणाऱ्या आणि सगळ्यात उशिरा दवाखान्यात जाणाऱ्या बायका नेमक्या याच आहेत.

मला स्वतःला तीन ठिकाणं चांगली वाटतात. एक, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीचा वारसा अमरावती, वर्धा, नागपूर, चंद्रपूरच्या कितीतरी गावांत अजून टिकून आहे. सायंकाळी जमणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसं जास्त, जातीपातीची सरमिसळ बऱ्यापैकी, आणि प्रार्थनेनंतर चार शब्द ऐकायची सवय आधीचीच. दोन, बुद्धविहारातला वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं, आणि पांढरी साडी नेसून रोज येणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका सर्वात पुढे असतात. एका दिवसाच्या मेळाव्यात जे विश्वासाचं काम होत नाही ते तीन महिन्यांत चार वेळा जाऊन होतं. तीन, कार्तिकातली काकड आरती. पहाटे अंधारात मंदिरात जमणारी माणसं जवळजवळ सगळी म्हातारीच असतात, आणि आरती संपली की कुणाला घाई नसते.

काकड्याबद्दल एक हुशारी कुणीतरी तुम्हाला सुचवेल: तेव्हा सगळे उपाशीपोटी असतात, तर उपाशीपोटीची साखर तिथेच मोजून घ्या. नका करू. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी बसलेला म्हातारा थंडीत अजून तासभर तुमच्या रांगेत थांबला तर साखर उतरून तिथेच कोसळू शकतो. शिवाय एकादशी-चतुर्थीचे उपास धरणारी माणसं साबुदाणा, चहा आणि केळं खाऊनही स्वतःला 'उपाशी'च म्हणतात.

आणि एका गावात एक कार्यक्रम पुरत नाही. मारुतीच्या देवळासमोर मंडप टाकलात की गावातली काही घरं येणार नाहीत, आणि ती का आली नाहीत हे कुणी तुम्हाला सांगणारही नाही. विहारात ठेवलात तर दुसरी घरं येणार नाहीत. जिल्हा परिषदेची शाळा बरी, पण तीही बहुतेक गावठाणाच्या मध्यात असते. यवतमाळच्या कोलाम पोडावर, वाशीम-यवतमाळच्या बंजारा तांड्यावर, जिवतीच्या पहाडावरच्या गुड्यांवर, अशा वेगळ्या वस्त्यांवर वेगळं जावं लागतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी कोलामी, गोरमाटी किंवा गोंडी बोलणारं माणूस सोबत हवं. मराठी त्यांना येते, पण "तुमच्या छातीत धडधड होते का" असल्या प्रश्नाचं उत्तर माणूस आईच्या भाषेतच नीट देतो. गडचिरोलीत तर आधी ग्रामसभेत विषय ठेवा. मेंढा-लेखा या गावाची 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा अनेकांना माहीत असते. पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागात ग्रामसभेला खास अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या) गावात सरपंचाला फोन करून काम भागेल असं समजू नका.

हंगामाचं गणित तुम्ही अर्धं बरोबर मांडलंय. दिवाळीनंतर हवा चांगली असते, रस्ते कोरडे असतात. पण वऱ्हाडात तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते आणि सत्तरीच्या बायासुद्धा किलोच्या भावाने वेचायला जातात. पूर्वेकडे धानाची कापणी-मळणी असते. त्यामुळे दिवसा घरी सापडतात ती खरोखर थकलेली माणसं, किंवा नातवंडं सांभाळणारी. जी आजी अजून वेचणीला जाते तीही तुमच्या अभ्यासात हवी, नाहीतर अशक्तपणाचा आकडा फुगेल. तिच्यासाठी संध्याकाळी सहानंतर जा. एप्रिल-मेमध्ये मोहफुलं, तेंदूपत्ता आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन; त्या काळात म्हाताऱ्या माणसांना कुठेही जमवू नये, हा माझा नियम आहे आणि मी त्याला अपवाद करत नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. हाताच्या खुर्च्या हव्यात, कारण प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीतून उठताना माणूस तुमच्याच कार्यक्रमात पडेल. पायऱ्या नकोत. संडासाची सोय चालत जाण्याच्या अंतरावर आणि पाण्यासकट हवी. ती नसेल तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. मंडपावर कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो नको, मदत घेतली असली तरी नको. अर्धं गाव त्या फोटोकडे बघून परत जातं. दवंडीला अजून पर्याय नाही, आणि आता ती मंदिराच्या भोंग्यावरून दिली जाते एवढाच फरक. निरोपात 'तपासणी शिबिर' हे शब्द वापरू नका. शिबिर म्हटलं की गोळ्या, चष्मे आणि शस्त्रक्रियेची तारीख अपेक्षित असते. तुम्ही अभ्यास करायला आलात, उपचाराला नाही, हे पहिल्या निरोपापासून स्पष्ट असावं.

कार्यक्रमात तुम्हाला मिळणारा वेळ वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, दोन भजनांच्या मधला. त्यात आरोग्यशिक्षणाचं भाषण करू नका. मीठ कमी खा, तंबाखू सोडा, हे त्यांनी तुमच्या जन्माआधीपासून ऐकलंय. त्याऐवजी तुमची साधनं दाखवा. हाताची पकड मोजायचं यंत्र फिरवलं की आयुष्यभर वखर-डवरं धरलेले आबाजी लोक आपापसांत पैजा लावतात, आणि बायका त्यांच्यावर मात करतात तेव्हा मंडप हसतो. आकडे लिहून घ्यायचे नाहीत, ही नुसती ओळख. चार मीटर चालण्याची दोरी जमिनीवर आखा, कशासाठी ते सांगा. रक्त किती घेणार ते चमच्याच्या मापात सांगा, आणि ते कुठे जातं, उरलेलं कुठे फेकतात, हेही सांगा. "रगत नेऊन इकते म्हणते" हे कुणीतरी मोठ्याने म्हणालं तर त्याचे आभार माना, कारण न बोलता तेच मनात धरून बसलेले दहा जण तिथे असतात. औषध मिळेल का, असं विचारलं तर "नाही, पण दवाखान्यात पाठवू आणि सोबत येऊ" असं खरं सांगा. तेवढं सांगितल्यावर काही जण उठून जातील. जाऊ द्या.

मग त्यांना विचारा, तुम्हाला काय जाणून घ्यायचंय? हा वेळ सगळ्यात मोलाचा आहे आणि बहुतेक पथकं इथेच घड्याळ बघतात. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेत जे काम उभं केलं त्यात ही पद्धत फार लवकर आली. संस्थेच्या शोधग्राम या आवारातला दवाखाना आदिवासींना विचारून त्यांच्या गावासारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. तिथे देवीची जत्रा भरते आणि तिला जोडून आदिवासींची आरोग्य संसद बसते. गावांचे प्रतिनिधी आपल्याला कोणते आजार सतावतात ते ठरवतात, आणि हिवतापासारखे विषय तिथून कामाच्या यादीत आले. समाजाचा कार्यक्रम आणि संशोधन यांची सांगड म्हणजे काय, याचं हे विदर्भातलंच उदाहरण आहे. त्याच संस्थेचा १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला, वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास आठवा. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोगविषयक आजार सापडला होता. इतकी खासगी तपासणी गावातल्या बायका करू देतात, ती तंबूत रांग लावून होत नाही.

तुमच्या पडण्याच्या अभ्यासातही लोक काही सुचवतील. आमच्याकडे नेहमी येणारी उत्तरं सांगते: रात्री संडासला बाहेर जाताना पडणं, घरकुलाच्या गुळगुळीत टाईल्सवर पडणं, बांधावर पाय निसटणं, बैलाचा धक्का, आणि उन्हाळ्यात उठता-उठता डोळ्यांपुढे अंधारी येणं. छापील प्रश्नावलीत बाथटब आणि जिने असतात. लोकांनी दिलेली यादी प्रश्नावलीत घाला आणि तसं केल्याचं प्रबंधात लिहा.

आता घरी गेल्यावरचं. पहिली अडचण वयाची. आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख असलेली म्हातारी माणसं ढिगाने भेटतील. ते वय अंदाजाने लिहिलेलं असतं, आणि श्रावणबाळ योजनेला पासष्ट पूर्ण लागतात म्हणून कधी वाढवलेलंही असतं. तुम्ही ते बदलायला सांगू नका, फक्त तुमच्या कागदावर घटनांवरून वेगळा अंदाज लिहा. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांची दीक्षा झाली तेव्हा चालत होता की कडेवर? तुकडोजी महाराज गेले त्या १९६८ साली शाळेत होता का? १९७२ च्या दुष्काळात गिट्टी फोडायला गेला होता, की सुकडी खायला? आणीबाणीतल्या नसबंदीच्या वेळी लग्न झालं होतं का? चार प्रश्नांत वय दोन-तीन वर्षांच्या आत येतं, आणि गप्पाही सुरू होतात. ही यादी तुमच्या तालुक्यातल्या घटना घालून आधीच करून ठेवा.

दुसरी अडचण स्मरणाची. 'गेल्या बारा महिन्यांत' हे शब्द शेतकऱ्याच्या डोक्यात बसत नाहीत. 'मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून आतापर्यंत' म्हणा. आणि "पडलात का?" असं विचारलं तर "नाही" असंच उत्तर येतं, कारण चिखलात घसरणं हे कामाचा भाग, त्याला कोण पडणं म्हणतं. घसरलात का, तोल गेला का, कुणी धरलं म्हणून वाचलात का, असं एकेक विचारा. घरातल्या सुनेलाही विचारा, पण आजीसमोर नाही. पडल्याचं कळलं तर शेतात पाठवणार नाहीत, म्हणून लपवणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत.

रक्तदाबाचं तुम्हाला माहीत आहेच: पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेकण, हात हृदयाच्या पातळीवर, लघवी करून आलेलं असणं. विदर्भात यात एक भर घाला, तोंडात खर्रा आहे का ते बघा. तंबाखू आणि चहा या दोन्हींनंतर अर्धा तास थांबायला हवं. बायकांत गुडाखूही (दातांना लावायची तंबाखूची पेस्ट) असतो, तो विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मंडपात, भोंग्याखाली, रांगेतून उठून आलेल्या माणसाचा रक्तदाब मोजून काही अर्थ नाही, हे वेगळं सांगायला नको. स्मरणशक्तीची चाचणी घेणार असाल तर शाळा न पाहिलेल्या माणसासाठी बेतलेली घ्या. हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण ज्येष्ठांसाठी हिंदीत तयार झालेली चाचणी हा चांगला नमुना आहे. तारीख विचारण्याऐवजी मराठी महिना आणि सण विचारा. शंभरातून सात वजा करायला लावून कुणाचा अपमान करू नका.

चाचणीत काही गंभीर सापडलं तर काय, याचं उत्तर पहिल्या भेटीआधी तयार हवं. रक्तदाब वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे गेला, साखर ७० च्या खाली आली, तर त्याच दिवशी कोण, कुठल्या गाडीने, कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणार? तिथे त्या दिवशी डॉक्टर आहेत का? गोळ्या शिल्लक आहेत का? उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी (सीएचओ) आधी बोला. चिठ्ठी हातात देऊन पाठवणं म्हणजे पाठवणं नव्हे. म्हातारी माणसं चिठ्ठी जपून ठेवतात आणि जात नाहीत. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट आहे, पण गावातून एसटी जाते का ते बघा.

मनुष्यबळाचा हिशेब आता करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं ९.९ टक्के होती. तरुण पुण्या-नागपूरला गेल्याने गावात हे प्रमाण आज जास्तच असणार. दहा टक्के धरले तरी दीड हजार वस्तीच्या गावात दीडशे ज्येष्ठ. दोन गावांत तीनशे होतात, पण तसं करू नका. दहा गावं घ्या आणि प्रत्येकी तीस माणसं चिठ्ठी टाकून निवडा. यादी आशाताईंकडे असते. तीस वर्षांपुढच्यांचा जो जोखीम-तपासणीचा फॉर्म त्या भरतात त्यात साठीपुढच्यांसाठी उभं राहताना-चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला मदत लागते का, हेही विचारलेलं असतं. तुमच्या विषयाची सुरुवात तिथे आयती आहे. यादीत पोड, तांडा आणि गावाबाहेरची शेतातली घरं आहेत का ते मात्र स्वतः फिरून तपासा. दोघांची जोडी दिवसाला सहा घरं नीट करते. तीनशेला पन्नास दिवस, दोन जोड्या असतील तर पंचवीस. तुमच्याच महाविद्यालयातले एमबीबीएसचे विद्यार्थी कुटुंब दत्तक उपक्रमात गावांना जातातच. त्यांतले चौघं आवडीने येणारे निवडा, त्यांना आठवडाभर शिकवा, आणि आशाताईंना त्यांच्या वेळेचं मानधन द्या. मंडप, जेवण आणि बॅनरचा तुमचा खर्च वाचेल, त्यातून हे भागेल.

निवडलेल्या तीस जणांपैकी कुणी घरी सापडलं नाही तर तिसऱ्या खेपेपर्यंत जा, शेजारच्याला बदली घेऊ नका. नकार दिलेल्यांची नोंद ठेवा: वय, स्त्री की पुरुष, आणि सांगितलं तर कारण. माझ्या अनुभवात ज्या गावात आधी दोन-तीनदा प्रार्थनेला किंवा काकड्याला जाणं झालंय तिथे नकार कमी येतात, आणि जे येतात ते स्पष्ट शब्दांत येतात. "मले नाही पायजे" असं तोंडावर सांगणारं माणूस तुमच्यावर थोडातरी विश्वास ठेवतं. ज्या गावात कुणी नाही म्हणत नाही पण दार लागलेलं असतं, तिथे ओळखीचं काम राहिलेलं आहे असं समजा.

वेळेची भरपाई द्यायची की नाही, हे संशोधनाला मंजुरी देणारी नीतिमूल्य समिती ठरवेल. माझा कल थोडी द्यावी असा आहे. वेचणीचा अर्धा दिवस बुडणार असेल तर तेवढी मजुरी, सगळ्यांना सारखी. स्टीलचा डबा, शाल-श्रीफळ असलं काही नको. शालीसाठी शेजारची आजी "माह्यं नाव काहून नाही निंघालं?" म्हणून भांडायला येते, आणि तिचं भांडण बरोबर असतं.

प्रत्येकाचा अहवाल त्याच्या हातात, मोठ्या अक्षरात, आकड्यासोबत एका वाक्यात अर्थ सांगून. तो घरीच द्यायचा, मंडपात नाव पुकारून नाही. गावाचा निष्कर्ष मात्र पुढच्या मंडईत किंवा ग्रामसभेत सांगा, आणि तिथे लहान आकडे टाळा. पोडावर चाळीस घरं असताना "दोघांना विसरभोळेपणाचा आजार आहे" म्हटलं की ते दोघं कोण हे जेवणाआधी सगळ्यांना कळतं. दहा गावांचा मिळून आकडा सांगा आणि त्या गावाबद्दल एखादी कामाची गोष्ट: हातपंपाजवळची ओली फरशी, संडासाच्या वाटेवर नसलेला दिवा. सरपंच समोर बसलेले असतात. दिव्याची मागणी आज्याच करतील, तुम्ही करायची गरज नाही.

या दिवाळीनंतरच्या मंडयांना जायचं असेल तर नीतिमूल्य समितीकडे आराखडा आत्ताच सुधारून पाठवा. कार्यक्रमात काय बोलणार, काय दाखवणार आणि तिथे कुणाचीही माहिती नोंदवणार नाही, हे त्यात एका वेगळ्या पानावर लिहा. भोंग्यावरच्या निरोपाचा मजकूरसुद्धा जोडा. समित्या संमतीपत्र बारकाईने वाचतात आणि कार्यक्रमाबद्दल काही विचारत नाहीत, त्यामुळे ते पान तुम्हीच पुढे करा. समितीचा होकार येईपर्यंतचे महिने आशाताईंसोबत यादी तपासायला आणि वर्षावासात विहारात जाऊन बसायला वापरा.